यंत्राची वेळ, प्रत्यक्ष वेळ

निवडणुकीच्या कामावर जाऊन आलेल्या शिक्षकांना व कारकुनांना एक रकाना चांगला परिचयाचा आहे. मतदानास प्रारंभ होण्यापूर्वी दीड तास उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष अभिरूप मतदान घ्यावयाचे असते. त्या वेळी कंट्रोल युनिटच्या पडद्यावर उमटणारा दिनांक व वेळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहावी आणि दोहोंत अंतर आढळल्यास यंत्राची वेळ व प्रत्यक्ष वेळ अशा दोन्ही नोंदी कराव्यात, असा केंद्राध्यक्षास आदेश असतो. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले तेव्हा मुंबईतील केंद्रांप्रमाणेच अक्कलकोट मतदारसंघातील मैंदर्गीच्या केंद्रांनाही हाच नियम लागू होता. रात्री अर्धवट झोप झालेल्या, पहाटे साडेपाचला प्रतिनिधींची वाट पाहणाऱ्या केंद्राध्यक्षाला हा रकाना कागद वाढविण्याचाच एक प्रकार वाटला तर त्याला दोष देता येणार नाही. तरीही आपल्या सरकारी कागदपत्रांत इतका शहाणा रकाना क्वचितच सापडेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. घड्याळ चुकले म्हणून तो रकाना मतदान थांबवीत नाही आणि यंत्र आहे म्हणजे ते बिनचूकच असणार असेही मानीत नाही. चूक किती, एवढेच तो विचारतो.

हा प्रश्न आज इतरत्र कोठेही विचारला जात नाही, ही खरी अडचण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवहारात हातात मावणाऱ्या यंत्रांची गर्दी झाली. एस.टी.च्या वाहकाजवळचे तिकीट यंत्र, रेशन दुकानातील बोटाचा ठसा घेणारे यंत्र, कार्यालयातील हजेरी यंत्र, दुकानातील कॅमेऱ्याची पेटी, प्रत्येकाच्या खिशातील फोन, या प्रत्येकात एक घड्याळ आहे आणि ते घड्याळ आपल्याविषयी काही ना काही लिहून ठेवीत असते. मनगटावरचे घड्याळ फार तर मालकाची गाडी चुकवीत असे. ही नवी घड्याळे दुसऱ्याविरुद्ध साक्ष देतात.

ती चुकतात का, हे समजून घेतले पाहिजे; कारण चुकणे हा त्यांचा बिघाड नसून स्वभाव आहे. आजच्या बहुतेक लहान यंत्रांत गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक बारीक चिमटा असतो. विजेचा सूक्ष्म प्रवाह मिळाला की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मे करीत गेले की बरोबर एक सेकंद उरतो. योजना सुरेख आहे, पण स्वस्त स्फटिकाच्या कंपनसंख्येत दहा लाखांत वीसचा फरक कारखान्यातूनच ग्राह्य धरलेला असतो. दहा लाखांत वीस ऐकायला नगण्य वाटते. हिशेब केला तर दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळजवळ एक मिनिट आणि वर्षाला दहा मिनिटे भरतात. त्यात उष्णतेची भर पडते. हा चिमटा पंचवीस अंशांच्या आसपास नीट चालतो. त्याहून ऊन वाढले किंवा थंडी वाढली तरी तो मंदावतोच. पंचेचाळीस अंशांना ही मंदी दिवसाला सव्वा सेकंदाच्या घरात जाते. सोलापूर जिल्ह्यातील वैशाखात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या यंत्राचे काय होत असेल, हे निराळे सांगावयास नको. जाता जाता एक गंमत नोंदवावीशी वाटते : मनगटावर नित्य बांधलेले घड्याळ कपाटात पडलेल्या घड्याळापेक्षा बहुधा बरे चालते, कारण अंगाची ऊब त्याला उन्हाळ्या-हिवाळ्यात सारखीच मिळते.

मग फोनचे घड्याळ कसे चुकत नाही? चुकते; पण दिवसातून अनेकदा त्याचा कान धरला जातो. मोबाईल कंपनीच्या मनोऱ्याकडून त्याला वेळ कळविली जाते. मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे, मराठीइतकीच कन्नड बोलणारे गाव. तेथील फोन अलीकडच्या मनोऱ्याला लागला काय आणि पलीकडच्या मनोऱ्याला लागला काय, वेळ एकच येते, कारण सबंध देशाची वेळ एक आहे आणि ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील अणुघड्याळांवर राखली जाते. मात्र ज्या यंत्राचा बाहेरच्या जगाशी संबंध नाही त्याला सांगणारे कोणी नसते. मतदान यंत्र असे आहे, आणि ते हेतुपुरस्सर तसे आहे : बाहेरून कोणाला त्यात शिरता येऊ नये म्हणून त्याला कोणत्याही जाळ्याशी जोडलेले नाही. यंत्र जितके एकाकी तितके ते सुरक्षित, आणि जितके एकाकी तितकी त्याच्या घड्याळाची चूक साचत जाणार. ही जोडगोळी तोडता येत नाही. म्हणून सगळी यंत्रे जाळ्याला जोडा, प्रश्न मिटला, हे सोपे उत्तर येथे उपयोगी पडत नाही. जोडलेल्यांचीही शाश्वती नाहीच. आपल्या देशाने दिशादर्शनासाठी १ जुलै २०१३ रोजी सोडलेल्या पहिल्या उपग्रहावरील तिन्ही अणुघड्याळे पुढे निकामी झाली. तेव्हा चूक राहणार हे धरून चालणे आणि ती मोजून ठेवणे, एवढाच मार्ग उरतो.

हा मार्ग आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. लग्नघरी घंगाळात सोडलेले घटिकापात्र, म्हणजे बुडाला छिद्र असलेली तांब्याची वाटी, चोवीस मिनिटांत भरून बुडे. ते काही काटेकोर साधन नव्हे; पण त्याची गणना रोजच्या सूर्योदयापासून नव्याने सुरू होई, त्यामुळे आजची चूक उद्यावर जात नसे. पंचांगकर्त्यांची शिस्त याहूनही कडक होती. सोलापुरातूनच निघणारे दाते पंचांग घरोघरी आहे. पंचांगातील एका गावचा सूर्योदय दुसऱ्या गावी चालत नाही, गावागणिक मिनिटे मिळवावी किंवा वजा करावी लागतात, हे पंचांग पाहणाऱ्या कोणाही गृहस्थाला ठाऊक असते. जुन्या गणितावरील पंचांग आकाशाशी जुळेनासे झाले तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी नवे गणित मांडले व त्यातून पटवर्धनी पंचांग निघाले. हेच केरूनाना तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला होते. ती वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली, त्यामागे जहाजांना अचूक वेळ पुरविणे हा एक मुख्य हेतू होता. जहाजावरचे घड्याळ दर बंदरात दुरुस्त करीत बसण्याची रीत नव्हती. ते रोज किती सेकंद पुढे वा मागे जाते हे वहीत टिपले जाई आणि भर समुद्रात रेखांश काढताना तेवढे सेकंद हिशेबात धरले जात. चुकणारे पण चूक ठाऊक असलेले घड्याळ खलाशाला पुरत असे.

घड्याळातील मिनिटांचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न त्यानंतर आला. प्रमाणवेळेची रेखा साडेब्याऐंशी अंशांवर आहे. मैंदर्गी सुमारे सव्वाशहात्तर अंशांवर. म्हणजे तेथला सूर्य घड्याळाच्या सुमारे पंचवीस मिनिटे मागे चालतो. जुन्या भाषेत जवळजवळ एक घटिका. मुंबईचे अंतर एकोणचाळीस मिनिटांचे. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा त्याच महिन्यात मुंबईच्या आसपासच्या गिरण्यांतील हजारो कामगारांनी काम बंद पाडले व दगडफेकही केली. शहरात सह्यांचे अर्ज फिरले. मुंबईत जुनी मुंबई वेळ पुढे १९५५ पर्यंत टिकून राहिली. हा केवळ पुराणमतवाद होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्या घरी घड्याळ नाही, जो सूर्य पाहून उठतो, त्याच्या दृष्टीने गिरणीचे दार एकाएकी एकोणचाळीस मिनिटे आधी लागू लागले होते. मालकाला या बदलाची काही तोशीस नव्हती. सबंध देशाला एक वेळ हवी, हे धोरण म्हणून योग्यच ठरले. परंतु त्याची किंमत कोणी मोजली, याची नोंदही ठेवावयास हवी.

आजच्या कार्यालयात तोच प्रश्न लहान रूपात रोज सकाळी उभा राहतो. बोटाचा ठसा घेणारे यंत्र सहा मिनिटे पुढे असेल तर वेळेवर आलेला कारकून उशिरा आला असे ते लिहिते. अनेक कार्यालयांत तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा कापली जाते. यावर कोणी म्हणेल की तेच यंत्र संध्याकाळी त्याला सहा मिनिटे लवकर सोडते, तेव्हा हिशेब जुळला. कामाचे तास मोजावयाचे असते तर तो जुळलाही असता. कारण आठ तासांच्या अवधीत हे स्फटिक एका सेकंदापलीकडे चुकत नाही. घड्याळाने अवधी बरोबर मोजला तरी घटका चुकीची सांगितली, असे येथे घडते. आणि लेटमार्क लागतो तो घटकेवर. जेथे जेथे एका ठरावीक क्षणाच्या अलीकडे सर्व काही आणि पलीकडे काहीच नाही अशी रचना असते, तेथे तेथे साचलेली मिनिटे माणसाला बाधतात. नीट परीक्षेच्या केंद्राचे फाटक दुपारी दीड वाजता बंद होते. विद्यार्थ्याचे घड्याळ मागे असेल तर नुकसान विद्यार्थ्याचे. फाटकावरच्या रखवालदाराचे घड्याळ पुढे असेल तरी नुकसान विद्यार्थ्याचेच. अर्थशास्त्रात आम्ही शिकवितो की ज्याच्यामुळे तोटा होतो त्याच्यावरच तो पडला तर तो आपोआप काळजी घेऊ लागतो. येथे यंत्र ठेवणारा एक आणि भोगणारा दुसरा. यंत्राचे घड्याळ लावण्याची घाई मग कोणाला असणार?

याउलट किराणा दुकानदाराच्या तराजूकडे पाहा. शेरापासून किलोपर्यंतचा प्रवास आपण कायद्याने केला, आणि आजही वैधमापन शास्त्र विभागाचा निरीक्षक ठरावीक मुदतीने वजने-मापे तपासून त्यांवर मुद्रा उमटवितो. २००९ च्या वैधमापन शास्त्र अधिनियमात मीटर व किलोग्रॅम यांच्याच पंक्तीला सेकंद हे मूलभूत एकक म्हणून बसविलेले आहे. तरीदेखील पाव किलो साखरेत दहा ग्रॅम कमी भरले तर तक्रारीला जागा आहे, आणि ज्या यंत्रावर माणसाची रजा कापली जाते त्याच्या मिनिटांवर कोणाचाही शिक्का नाही. रिक्षाच्या मीटरला मिळणारी वागणूक हजेरी यंत्राला मिळत नाही.

लेटमार्कपुरते हे राहिले असते तर वर्तमानपत्राची जागा अडविण्याचे कारण नव्हते. पण याच मिनिटांवर विधानसभेच्या जागेचा निकाल फिरल्याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. २०१४ च्या निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मते अधिक घेऊन निवडून आले. उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची घटका होती २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनची. खोतकर यांचे अर्ज तीननंतर दाखल झाले, असा आक्षेप घेणारी याचिका झाली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण हा तिच्यातील एक महत्त्वाचा पुरावा होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी ती निवडणूक रद्द ठरविली. पुढे १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल तर अशा पुराव्यासोबत कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र जोडणे आवश्यक आहे. त्या खटल्यातील घड्याळे चुकीची होती असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही; उच्च न्यायालयापुढे अधिकाऱ्यांची तोंडी साक्षही होती. पण वाद मिनिटांचा असताना चित्रीकरणाच्या कोपऱ्यात उमटणारा आकडा किती मोलाचा ठरतो, हे त्यावरून दिसते.

आता त्या प्रमाणपत्राचेच पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अमलात आला आणि त्याच्या अनुसूचीत प्रमाणपत्राचा नमुना छापून मिळाला. यंत्र कोणत्या प्रकारचे, कोणत्या कंपनीचे, कोणत्या नमुन्याचे, त्याचा अनुक्रमांक काय, रंग कोणता, हे सर्व तेथे विचारले आहे. पुराव्यात नंतर फेरफार झाला नाही हे पडताळण्यासाठी एक लांबलचक गणिती खूणही मागितली आहे. सही करणाऱ्याने सही किती वाजता केली तेही भारतीय प्रमाणवेळेत, चोवीस तासांच्या पद्धतीने, लिहावयाचे आहे. फक्त त्या यंत्राचे घड्याळ किती मिनिटे पुढे वा मागे होते, हे लिहिण्यास जागा नाही. यंत्राचा रंग न्यायालयास कळतो, त्याच्या घड्याळाची चूक कळत नाही. जाणकार तपास अधिकारी हे अंतर पंचनाम्यात नोंदवून ठेवतो, हे खरे. पण आरोपीची सुटका किंवा शिक्षा एखाद्या अधिकाऱ्याच्या जाणकारीवर सोडणे हा कायद्याचा मार्ग नव्हे. ‘रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी तू तेथे होतास’ असे कॅमेऱ्याच्या आधारे ज्याला सांगितले जाते, त्याला तो कॅमेरा त्या रात्री किती चुकत होता हे विचारण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि त्याचे उत्तर कोठेतरी लिहिलेले असले पाहिजे.

ज्ञात असलेली चूक लिहून पुढे न पाठविल्याने काय होते, याचा फार कठोर दाखला आखाती युद्धातील आहे. शत्रूची क्षेपणास्त्रे हवेत टिपणारी पेट्रियट ही अमेरिकी यंत्रणा वाहनांवरून कोठेही नेता येई. तिच्या संगणकात सेकंदाचा दहावा भाग किंचित तोकडा धरला जात होता, त्यामुळे यंत्रणा जितका वेळ सलग चालेल तितकी तिची वेळ चुकत जाई. फेब्रुवारी १९९१ च्या मध्यास इस्रायलकडून याची माहिती अमेरिकेस मिळाली होती. सैनिकी तळांना सूचना गेली ती ‘यंत्रणा फार वेळ सलग चालवू नये’ अशा अर्थाची. फार वेळ म्हणजे किती तास, हे तीत नव्हते. २५ फेब्रुवारी रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथील यंत्रणा शंभर तासांहून अधिक काळ चालू होती आणि तिची वेळ सुमारे एकतृतीयांश सेकंदाने चुकलेली होती. आलेले क्षेपणास्त्र तिला दिसले नाही. अठ्ठावीस सैनिक ठार झाले. दुरुस्त केलेली आज्ञावली दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचली. त्या तळावरील माणसांपाशी आकडा असता तर यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करणे एवढाच उपाय पुरेसा होता.

सरकारचे या विषयाकडे लक्ष नाही असे नव्हे. एप्रिल २०२२ च्या एका आदेशाने कंपन्या व सरकारी कार्यालये यांच्या संगणक व्यवस्थांनी राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या वेळेशी आपली वेळ जुळवावी, असे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाणवेळेसंबंधीच्या नियमांचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. दोन्हींचा रोख वेळ जुळविण्यावर आहे आणि तो योग्य आहे. परंतु जे यंत्र जोडलेलेच नाही, जे कपाटात, गोदामात किंवा वाहकाच्या पिशवीत असते, ते अशा आदेशांच्या हाती सहसा लागत नाही. आणि जुळविण्यातही एक खोच आहे. घड्याळ नुसते बरोबर लावले, मागे किती चुकत होते हे लिहिले नाही, तर कालपर्यंतच्या सर्व नोंदी कायमच्या संशयास्पद होतात. दुरुस्तीच्या आधी नोंद, हा क्रम सोडून चालणार नाही.

अशा नोंदींमुळे प्रत्येक लेटमार्कवर आणि प्रत्येक चित्रीकरणावर तंटे होतील, यंत्रांवरचा विश्वास उडेल, अशी भीती काही अधिकारी व्यक्त करतील. तंटे काही दिवस होतीलही. पण मतदान केंद्रावर उमेदवारांचे प्रतिनिधी समोर बसलेले असताना, ज्या ठिकाणी संशयाला सर्वांत अधिक वाव आहे अशा ठिकाणी, यंत्राची चूक उघडपणे लिहिली जाते आणि त्या लिहिण्यामुळे मतदान अडत नाही. हजेरी यंत्रामुळे कार्यालय अडेल, असे मानण्यास आधार नाही.

साक्ष्य अधिनियमाच्या अनुसूचीत ‘रंग’ या शब्दानंतर एक ओळ वाढवावयाची तर ती संसदेलाच वाढवावी लागेल, आणि त्यास वेळ लागेल. हजेरी यंत्राचे, शाळेतील कॅमेऱ्याचे, नगरपरिषदेच्या कचेरीतील यंत्रांचे तसे नाही. तेथे कार्यालयप्रमुखाचे एक परिपत्रक पुरते. महिन्याच्या एक तारखेस, मस्टरचे नवे पान उघडताना, यंत्राची वेळ, फोनवरील प्रत्यक्ष वेळ, दोहोंतील अंतर आणि पाहणाऱ्याची सही, असे चार रकाने भरावयाचे. अंतर दोन मिनिटांपेक्षा अधिक निघाले तर त्या महिन्याचे लेटमार्क तेवढी मिनिटे वजा करून पाहावयाचे आणि मगच घड्याळ लावावयाचे. कर्मचारी संघटनांनी वेतन आयोगाच्या मागण्यांखाली ही एक मागणी जोडावयास हरकत नाही; हिला पैसे लागत नाहीत.